पाय हलला, सभेनं पाहिलं

१५ ऑक्टोबर

खाटेला आणि खुर्चीला खिळलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्याला कायम उशिरा सांगितलं जातं. पाणवठा सगळ्यांचा आहे, हे उशिरा सांगितलं. अक्षर सगळ्यांचं आहे, हे उशिरा सांगितलं. आता मोडलेल्या मणक्यावर उपाय निघाला आहे, तर तोही बंगलेवाल्यांचे पाय चालू झाल्यावरच आपल्या कानावर येणार.

हे पुसदच्या सभेसाठी लिहायला घेतलं आणि उतरलं या वहीत. राहू दे. समोर माणसं बसली आहेत असं धरल्याशिवाय मला स्वतःशीसुद्धा बोलता येत नाही.

आज नयन येऊन गेला. मोठ्या शहरातल्या एका स्टेम सेल सेंटरचा माणूस. चुणचुणीत आहे, माझी भाषणं त्यानं मोबाइलवर ऐकली आहेत. त्यांचा उपचार असा: कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीचा कणा उघडून जिथे इजा झाली तिथेच सोडायच्या. मी आठवडाभर याच विषयावर मिळेल ते वाचतो आहे. ज्या पेशीचं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नाही, ती पेशी! जन्मानं कोणाचं काही ठरत नाही, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो, ते शरीराच्या आतही खरं निघालं.

माझी धाकटी बहीण मैत्रेयी ज्या काळीपिवळी जीपमध्ये बसली होती ती बारा वर्षांपूर्वी दारव्हा रस्त्यावर उलटली. छातीच्या खाली तिला काहीच कळत नाही. हात तेवढे वाचले. शिलाई मशीनच्या मोटारचं पेडल तिनं टेबलावर ठेवून घेतलं आहे, ते ती कोपरानं दाबते आणि दोन्ही हातांनी कापड सरकवते. ब्लाउज शिवावा तर मैत्रेयीनं, असं दिग्रसच्या बायका म्हणतात.

संध्याकाळी तिला नयनबद्दल सांगायला गेलो, तर तिनं बाथरूमच्या दाराचं काढलं. खुर्ची आत जात नाही, दार रुंद करून भिंतीला दांडा बसवून दे, म्हणजे नलूवहिनीला दरवेळी उचलावं लागणार नाही. मी म्हटलं, तू दार मागतेस आणि मी तुला पाय आणून देतोय. ती हसली आणि काज करत राहिली.

१८ ऑक्टोबर

पुसदची सभा जिंकली. सुरुवातीला नेहमीचे प्रयोग केले. जिभेवर कापूर पेटवला, नारळातून आग काढली, पाण्याचं रक्त केलं, आणि प्रत्येक प्रयोगामागची युक्ती उघडून दाखवली. माझी पद्धत सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. आधी दाखवा, मग बोला. बाबा-महाराज दाखवतात आणि लपवतात. आपण दाखवतो आणि सांगतो.

मग मूळ पेशींवर आलो. बोलता बोलता शब्द आपोआप निघाले, की मी दुसऱ्याच्या घरापासून सुरुवात करणार नाही, पहिला उपचार माझ्या सख्ख्या बहिणीवर होईल. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका माणसाचे डोळे भरून आले होते.

मैत्रेयीला अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.

१९ ऑक्टोबर

सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. सकाळी इंदुताई ब्लाउजच्या मापाला आल्या त्या पेढे घेऊनच आल्या.

मैत्रेयी म्हणाली, "दादा, तू मले विचारलं नाही. मले इंदुताईनं सांगितलं."

मी म्हटलं, सभेच्या भरात निघून गेलं, पण चुकीचं काय निघालं?

"मंग आता नाही कसं म्हणू? सारं दिग्रस माहे पाय पाह्यले येऊन राह्यलं."

म्हणजे तिची हरकत नाही. मला तिची काळजी होती ती मिटली.

२४ ऑक्टोबर

यवतमाळला सरकारी दवाखान्यातल्या मणक्याच्या डॉक्टरबाईंना भेटलो. त्यांनी फोटो पाहिले आणि शांतपणे नाही म्हणाल्या. हा उपचार अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे, जुन्या इजेवर त्याचा उपयोग कुठे सिद्ध झालेला नाही, मंजूर झालेल्या प्रयोगाबाहेर तो कोणी करू नये. शिवाय मैत्रेयीची इजा जिथे आहे त्याच्या अगदी वर हातांच्या नसा निघतात. तिथे पुन्हा शस्त्र लावलं तर मिळण्यापेक्षा जाण्याची भीती मोठी.

मी विचारलं, तुमच्याकडे काय आहे मग? त्या म्हणाल्या, व्यायाम, कातडी जपणं, आधाराचे दांडे, रुंद दारं.

दारं! ते यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी त्यांना चार शब्द ऐकवले. म्हटलं, बाई, आमच्या वाट्याला नेहमी दांडेच आले. त्यांनी मान खाली घातली. सत्य बोललं की माणसं मान खाली घालतात.

२ नोव्हेंबर

नयनचा फोन. सेंटर मैत्रेयीचा उपचार मोफत करणार आहे. बदल्यात मी जे पाहीन ते माझ्या शब्दांत लोकांना सांगायचं, बाकी काही नाही. मी बजावलं, मी फक्त खरं तेच सांगतो. तो म्हणाला, सर, म्हणून तर तुम्ही हवेत.

विचाराची एवढी कदर आपल्या लोकांनीही कधी केली नाही.

नलू विचारत होती, की आपल्याला फुकट, तर बाकीच्यांना कसं? माझी बायको आहे पण प्रश्न असे व्यवहारी विचारते.

१४ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पेशी जिथे पोचायच्या तिथे पोचल्या. मैत्रेयी शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा तिनं बोटं हलवून पाहिली. पायाची नाही, हाताची. सवय.

२३ नोव्हेंबर

ऑपरेशनच्या दिवसानंतर सेंटरमध्ये नातेवाइकांना आत जाऊ देत नाहीत. नलू बाहेर बाकावर बसून असते आणि आत मैत्रेयीला कूस बदलून देतात की नाही, हेच नर्सला विचारत राहते. आज आत सोडलं तर मैत्रेयीच्या माकडहाडाजवळ जखम झालेली. बारा वर्षांत एक जखम होऊ दिली नाही मी, असं म्हणत नलू व्हरांड्यात रडली. मी तिला समजावलं, मोठ्या लढाईत ओरखडे येतात.

१० डिसेंबर

घरी आलो. मैत्रेयीला पाठीत आणि खांद्यात आग होते. उकळतं तेल ओतल्यासारखं, असं म्हणते. नयनला कळवलं, तो आनंदला. म्हणाला, बारा वर्षं झोपलेल्या नसा जाग्या होताहेत, जागं होताना त्रास होणारच. मी मैत्रेयीला हे सांगितलं. ती म्हणाली, त्याहिले सांग, पुन्हा झोपवा.

तिचा विनोद अजून शाबूत आहे.

१६ डिसेंबर

आजचा दिवस सुवर्णाक्षरांत लिहावा असा.

नयननं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तळव्याला बोट लावा. मी मैत्रेयीच्या उजव्या तळव्यावर अंगठ्यापासून टाचेपर्यंत नख फिरवलं. पाय उडाला! चादर बाजूला फेकली गेली इतक्या जोरानं उडाला. मी पुन्हा केलं. पुन्हा उडाला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिचे पाय मी इतक्या वर्षांत असे हातात घेतलेच नव्हते.

नलू औषधाचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "हे तं पहिलेपासून होते. कपडे बदलवतानी मले किती वेळा लाथ बसली."

मी म्हटलं, आधीचं वेगळं, आताचं वेगळं. आताचं मी पाहिलं आहे.

मैत्रेयी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दादा, मले नाही समजलं हालला तं. तू सांगितलं तवा समजलं."

समजेल. आधी हालचाल येते, मग जाणीव. असंच असणार.

१२ जानेवारी

सभेची जागा अपुरी पडली. माणसं भिंतीवर बसली होती. कोणी बापाला पाठीवर आणलेलं, कोणी बायकोला हातगाडीवर. मैत्रेयीला पांढरी साडी नेसवून खुर्चीवर मंचावर बसवलं. ती येत नव्हती, अंगाची आग वाढली होती, पण मी म्हटलं, एवढी माणसं तुझ्याकडे डोळे लावून आली आहेत. ती आली.

मी कापूर पेटवला, नारळ फोडला, युक्त्या सांगितल्या. मग म्हटलं, आता जे दाखवणार आहे त्यात युक्ती नाही. खाली वाकलो. तळव्यावर नख फिरवलं. पाय हलला. सभेनं पाहिलं. त्यानंतरचा कल्लोळ मी विसरणार नाही. बायका मैत्रेयीच्या पाया पडायला धावल्या. मी रोखलं त्यांना, म्हटलं, हा चमत्कार नाही, हे विज्ञान आहे, पाया पडू नका. तरी पडल्या. शेवटी नयननं व्हिडिओ घ्यायला पुन्हा दोनदा करायला लावलं.

सभेनंतर रामधन भेटला. दिग्रसजवळच्या गावचा शेतकरी. त्याचा तरणा मुलगा कपिल कडुनिंबाचा पाला काढताना पडला. इजा मैत्रेयीच्याच जागी. हात चालतात, बसल्या जागी मोबाइल दुरुस्त करतो, गावोगावचे मोबाइल त्याच्याकडे येतात. रामधननं माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. म्हणाला, सर, मह्या कपिलचं नाव पहिले टाका. मी नयनला तिथेच बोलावून नाव सांगितलं.

परतताना गाडीत मैत्रेयी एवढंच म्हणाली, की नारळ कसा पेटते ते तू सांगितलं, पाय कसा हालते ते काहून नाही सांगितलं? मी म्हटलं, कारण त्यात सांगण्यासारखं काही लपलेलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले. थकली होती.

२९ जानेवारी

मैत्रेयीच्या हातून सुई पडते आहे. आज कात्रीही पडली. थंडीनं असेल.

५ फेब्रुवारी

इंदुताईंच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं आहे. त्या आज आल्या, बेतलेले ब्लाउज मशीनवर अर्धेच पडलेले पाहिले, मैत्रेयीशी हवापाण्याचं बोलल्या आणि जाताना कापड पिशवीत घालून घेऊन गेल्या. मैत्रेयीनंच त्यांना सांगितलं होतं म्हणे, न्या म्हणून. पिशवीची गाठ मात्र तिला बांधता आली नाही.

नयन म्हणतो, शरीर सध्या सगळी शक्ती पायांकडे पाठवतं आहे, हातांना थोडी वाट पाहावी लागेल. मी तेच नलूला सांगितलं. सांगताना माझ्याच कानाला ते एखाद्या महाराजासारखं लागलं. पण कान थकलेले असतात.

१७ फेब्रुवारी

यवतमाळ. त्याच डॉक्टरबाई. मला वाटलं टोमणा मारतील. मारला नाही, ते जास्त लागलं. फोटोत दिसतं आहे, की जिथे पेशी सोडल्या तिथे आणि त्याच्या वर कण्याच्या आतच सूज धरली आहे, पोकळी होऊन पाणी साचलं आहे. तोच दाब हातांच्या नसांवर. पुढे वाढू नये म्हणून प्रयत्न करता येतील. गेलेलं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत.

मी पायाचं विचारलं. त्यांनी चादर बाजूला केली, तळव्याला पेन लावलं, पाय उडाला. त्या म्हणाल्या, मेंदूचा निरोप इजेच्या खाली पोचत नाही, तेव्हा पाय आपोआप असा उडतो. जुन्या इजेच्या बहुतेक रुग्णांचा उडतो. हा सुधारल्याचा पुरावा नाही. इजा झाल्याचाच आहे.

मैत्रेयी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

२१ फेब्रुवारी

गवंडी आला. बाथरूमचं दार रुंद झालं, दांडाही बसला. मीच बोलावलं होतं, काहीतरी करावं म्हणून. मैत्रेयीनं खुर्ची पुढे घ्यायला तळहात चाकांवर ठेवले, तर ते घसरून मांडीवर आले. दुसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही. नलूनं मागून ढकलली. दारातून खुर्ची छान आरामात जाते.

सेंटरचा फोन लागत नव्हता. शेवटी नयननं उचलला. सर, प्रत्येकाचं शरीर वेगळं. मी त्याला सभेचा व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, की तो आता खूप लांबपर्यंत गेला आहे. मग त्यानं सांगितलं, पुढच्या आठवड्यात दिग्रसवरून गाडी भरून पेशंट येताहेत, सगळे तुमच्या सभेतले. पहिलं नाव कपिलचं.

२४ फेब्रुवारी

रामधनकडे जाऊन आलो. मैत्रेयीनं हट्ट धरला, ऑटोत तिला नलूनं ओढणीनं सीटला बांधून आणलं.

रामधनच्या बायकोनं चहा दिला. मैत्रेयीनं कप घेतला नाही. नलूनं बशीनं तिच्या ओठाला लावला. कपिल खाटेवर बसून कोणाचा तरी मोबाइल उघडत होता. बारीक स्क्रू तो चिमट्यानं उचलत होता आणि मध्येच थांबून तिच्या हातांकडे पाहत होता.

मैत्रेयी म्हणाली, "कपिल, माहे हात पाह्य."

तो पाहतच होता. त्यानं हळू विचारलं, "ताई, जळते का?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा होता, म्हणून उत्तर मी दिलं. मज्जारज्जू म्हणजे काय, दाह का होतो, सेंटरवाले फसवतात कसे, सरकार डोळे का मिटतं. अगदी मुळापासून सांगितलं. कपिलनं मान खाली घालून पुन्हा स्क्रू वेचायला घेतले.

रामधननं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, मुलाचं पांघरूण बाजूला केलं आणि तळव्याला नख लावलं. पाय उडाला.

"सर, हे आमच्या पोराचं पडल्यापासून होते. आमाले काही समजत नव्हतं. तुम्ही सभेत दाखवलं तवा समजलं का पायात जीव हाय. आता तुम्हीच म्हणता, जीव नाही?"

मी म्हटलं, माझी चूक झाली. त्यासाठी मला फाशी द्यायची तर द्या, पण पोराला पाठवू नका.

तो थंडपणे म्हणाला, "तुमच्या घरचं झालं. फुकट झालं, तेबी समजलं मले. आता आमचं होऊन राह्यलं तं तुमाले खपत नाही. आपल्याले नेहमी उशिरा सांगतात, तुम्हीच म्हणलं होतं ना सर?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठलो.

ऑटोत मैत्रेयी म्हणाली, "त्यानं मले विचारलं होतं, दादा. तुले नाही."

मी म्हटलं, तू दमली होतीस.

२७ फेब्रुवारी

सकाळी बसस्टँडबाहेर गाडी उभी होती. मी रात्री लिहून ठेवलेलं भाषण खिशात घेऊन गेलो होतो, पण मला ते पाहून बोलावं लागत नाही. गाडीच्या पायरीवर चढलो आणि म्हटलं, माझ्या बंधू-भगिनींनो. पुढचं वाक्य व्हायच्या आत टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं मी निरोप द्यायला आलोय. कोणी जयभीम घातला, एका म्हातारीनं खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवला. मी ओरडून सांगितलं, जाऊ नका, हे प्रयोग आहेत, तुम्ही माणसं आहात. मागच्या सीटवरून कोणी तरी म्हणालं, सर तपासून राह्यले, पाहू म्हणे आपली हिंमत किती हाय. गाडीत हशा पिकला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रामधननं माझ्याकडे न बघता काच वर केली. काचेआड कपिल मात्र दिसेनासा होईपर्यंत मागे वळून माझ्याकडे पाहत होता.

१ मार्च

कपिलचं ऑपरेशन उद्या आहे. रामधन फोन उचलत नाही. कपिलचा फोन सुरू आहे, निरोप पोचतात, उत्तर येत नाही.

दुपारी मी त्याच्यासाठी निरोप रेकॉर्ड करायला बसलो. मैत्रेयी ऐकत होती. विज्ञानाचा इतिहास संपून मी कायद्यावर आलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "पुसून टाक. लय लंबा हाय." दुसरा केला, तोही पुसायला लावला. तिसऱ्या वेळी म्हणाली, तू माह्या बाजूला फोन धर, मी बोलते. मी धरला. तिला दम लागतो, आवाज निघेना, खोकलाच आला. मग ती म्हणाली, "तूच लिही. पण मी सांगते तेवढंच. आपल्या मनचं नोको लावू."

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहून पाठवतो आहे. भाषा माझी नाही.

कपिल, मी मैत्रेयी. हो, जळते. दिवसभर जळते. चमचा धरता येत नाही, केसात फणी घालता येत नाही, माशी बसली तं हाकलता येत नाही. तुहे पाय पहिलेच गेले, ते कोणी आणून देत नाही. हात अजून तुहे हायेत. मले कोणी विचारलं नव्हतं, आन् मी गप्प राह्यली. तुले बी कोणी विचारणार नाही. तुह्या बापाले राग येईन, गाडीतले लोक हासतीन, सर लाजतीन, होऊ दे. सकाळी तुले न्यायले येतीन तवा खाटेची दांडी दोन्ही हातानं घट्ट पकड आन् मोठ्यानं म्हण, नाही.